वहिनी बसली आणि पाटा तुटला

ही गोष्ट मी आजवर शंभर वेळा तरी सांगितली असेल — लग्नात, बारशात, साक्षगंधात, एकदा तर एका मयताच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही, जेवणं उरकल्यावर. आणि तरी ती मी कुणालाच सांगितलेली नाही. हे कसं काय, असं तुम्ही विचाराल. थांबा, मलाही ते नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळेल अशा आशेनं बसलोय. माझं मानोऱ्याला झेरॉक्सचं दुकान आहे. वाया गेलेल्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर लिहितोय. म्हणजे नाहीच जमलं तर नुकसान काही नाही.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे. दुसरं कुठलं काम धड येत नाही म्हणून असेल. पाहुणे आले की पोरं म्हणतात, काका, पाट्याची गोष्ट सांगा. हा पाटा चटणी वाटायचा नव्हे. मालवाहू गाडीच्या चाकावर लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान असते ना — वरची सगळ्यांत लांब, खालच्या लहान लहान होत गेलेल्या — त्या पट्ट्यांना आमच्याकडे पाटे म्हणतात. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. सगळ्यांत वरचा तो मेन पाटा. तो तुटला की गाडी एका अंगावर बसते, थकलेला बैल बसावा तशी.

गोष्ट, मी सांगतो तशी, अशी आहे. बारा वर्षांमागे दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमची अख्खी गल्ली माझ्या पिकअपमधून नागपूरला निघाली, दीक्षाभूमीला. अमरावतीच्या अलीकडे चहाला थांबलो. चहा पिऊन सगळे चढले. शेवटी इंदूवहिनी चढली, मागे डाव्या अंगाला बसली, गाडी हलली, आणि — खाट. इथं मी थांबतो. उजवा हात वर, डावा खाली करून गाडी कशी कलली ते दाखवतो. मग वहिनी कशी दचकली, कशी दोन्ही हातांनी फळीला धरून बसली, ते करून दाखवतो. पोरं लोळतात. मोठी माणसं डोळे पुसतात. वहिनी समोर असेल तर तीही हसते.

बस, एवढीच गोष्ट. यात खोटं काय? वहिनी शेवटी चढली हे खरं. डाव्या अंगाला बसली हे खरं. पाटा डावाच तुटला. एकही शब्द खोटा नाही — आणि मला गेली काही वर्षं अन्न जात नाही म्हणावं, तर तसंही नाही; अन्न चांगलं जातं, पोट पाहून कुणीही सांगेल. पण ही गोष्ट सांगताना मधेच कुठंतरी माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटतो. तेवढंच.

वहिनीबद्दल सांगतो. ती माझ्या थोरल्या भावाची बायको. धनजजवळच्या आमच्या गावात ती नवरी होऊन आली तेव्हा मी पाचवीत होतो आणि मला नऊचा पाढा येत नव्हता. तो तिनं पाठ करून घेतला, चुलीपुढं बसवून. अंगानं ती पहिल्यापासून भरलेली. उंच, रुंद हाडाची. तुरीचं भरलं पोतं एकटी सरकवायची, आणि तेव्हा तिच्या अंगाचं सगळ्यांना कौतुकच होतं. दीर-भावजयीत थट्टा चालायचीच. तीही माझ्या नाकाला नावं ठेवायची, आणि ते बरोबरच होतं.

वर्षभर ती स्वतःसाठी काही मागायची नाही. फक्त दसऱ्याला नागपूर. तिची आई पहिल्या दीक्षेला गेली होती, कडेवर लेकरू घेऊन, निम्मा रस्ता पायी. ते लेकरू म्हणजे वहिनीचा मोठा भाऊ. वहिनी तेव्हा जन्मलीही नव्हती. पण सांगायची अशी, की जणू तिनंच ते ऊन पाहिलं. दरसाल जायची. एकदा अंगात ताप होता तरी गेली. परत येताना गल्लीतल्या प्रत्येक पोरासाठी काहीतरी आणायची — पेन, बिल्ला, नाहीतर नुसती शिट्टी.

आता गाडीकडं येतो. यायलाच पाहिजे, कितीही वळसे घातले तरी.

पिकअप मी जुनीच घेतली होती. धनजच्या आसपासच्या गावांतला माल कारंजाच्या बाजारात न्यायचा, हा धंदा. त्या वर्षी पेरणीच्या आधी मी एका खेपेत खताच्या इतक्या बॅगा लादल्या, की गाडीचं तोंड आभाळाकडं गेलं होतं. तेव्हाही एक पाटा तुटला. तो मात्र सरळ माझ्या हावरेपणानं तुटला आणि तसं मी सांगितलंही. कारंजाला गफूरभाई म्हणून मिस्त्री आहेत, म्हणजे होते. त्यांनी नवा मेन पाटा टाकला. खाली निजून, पाना फिरवता फिरवता म्हणाले, "नया पाटा है, अभी बैठा नै. एक खेप माल मारो, फिर वापस आओ. बोल्ट फिरसे कसना पडता."

मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

गोष्ट साधी आहे. पाटे नवे रचले की पहिल्या भारानं ते दबतात, एकमेकांवर घट्ट बसतात. मग त्यांना बांधून ठेवणारे यु-बोल्ट आपोआप सैल पडतात. सैल पडलेल्या बोल्टात पाटा मधोमध हलत राहतो. आणि मधोमधच त्याला भोक असतं, सेंटर बोल्टासाठी. लोखंड तिथंच कमी. रोज थोडं थोडं हललं की तिथून तडकतं. हे सगळं गफूरभाईंनी मला समजावून सांगितलं. वर हेही सांगितलं की महिन्यातून एकदा पाटे पाण्यानं धू, आणि धुतल्यावर वाकून पाह्य. तडा गेला असेल तर आतलं गंजाचं पाणी झिरपून बाहेर तांबूस रेघ उमटते. धूळ पुसली जाते, ही रेघ पुन्हा येते. एका भंगारातल्या पाट्यावर त्यांनी ती मला दाखवली होती. बोट फिरवायला लावलं होतं. एवढं कोण सांगतं?

मी बोल्ट कसायला गेलो का? नाही. चार महिने गेलो नाही. कारंजाला तर रोज जात होतो — गफूरभाईंच्या दुकानावरून. पण थांबलं की तास-दोन तास मोडतात, शिवाय ते आधी चहा पाजतात, मग चार गोष्टी निघतात... गोष्टी सांगायचा तर मला शौक. मग काहून थांबलो नाही?  आळस म्हणावं तर आळसालाही एवढी चिकाटी नसते.

मग दसरा आला.

दसऱ्याची गाडी म्हणजे आमच्या गल्लीची इज्जत. आठ दिवस आधी धुणं, मग निळे झेंडे, पंचशीलाचे झेंडे, समोर फलक. दुसऱ्या गल्लीच्या गाडीपेक्षा आपली चांगली दिसली पाहिजे. त्या साली मला कल्पना सुचली, की चाकांच्या चकत्यांना चंदेरी रंग मारावा. मारला. इतका झकास दिसला की डब्यात उरलेला रंग पाट्यांनाही मारावा असं वाटलं. पाट्याला रंग मारू नये हे गफूरभाईंनी सांगितलं होतं. रंग मारला की तडा झाकतो. पाट्याला पाणी दे, थोडं तेल दे, आणि नजर दे, असं ते म्हणायचे. पण कुणाची गाडी अशी खालपर्यंत चमकत होती? जाणारा-येणारा थांबून पाहत होता. मी गाडीखाली निजलेलो, तोंडावर चंदेरी थेंब, आणि मनात फार मोठा माणूस झालेलो.

मागच्या डाव्या चाकाशी आलो. दोन यु-बोल्टांच्या मधे, मेन पाट्याच्या कडेवर, रेघ होती.

केसाएवढी. तांबूस.

मी अंगठ्यानं पुसली. अंगठ्याला गंज लागला. रेघ तिथंच. फडकं ओलं करून पुसली, कोरडं करून पुसली. बोल्टाला हात लावून पाहिला तर नट हातानं फिरला — पाना न लावता, नुसत्या हातानं.

मग मी ब्रश डब्यात बुडवला आणि रेघेवरून फिरवला. एकदा. नंतर पुन्हा एकदा, जाड.

हेच ते. इथवर यायला एवढे कागद गेले.

त्या वेळी डोक्यात काय होतं? बरंच काही होतं, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. उद्या निघायचं आहे. बायांनी भाकरी थापायला घेतल्यात. गाडी नाही म्हटलं तर गल्ली मला काय म्हणेल — विशेषतः हे पाटे इतके चमकत असताना. कारंजाला जाऊन गफूरभाईंना तोंड दाखवायचं, तर ते पहिलं विचारतील, चार महिने कुठं होता. एवढ्याशा रेघेनं काय होतं. आणि कदाचित रेघ नसेलच, डाग असेल. हे शेवटचं तर मी इतकं मनापासून मानलं, की रात्री जेवताना मला रेघ आठवलीही नाही. हे कसं होतं माणसाचं?  गाडीत आमच्या गल्लीची सोळा माणसं बसणार होती. मालवाहू गाडीत माणसं बसवू नयेत, ते आणखी वेगळंच.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण तुम्हाला जे माहीत आहे ते मी सांगितलेलं आहे. आता पुन्हा पाहू.

चहा पिऊन निघालो. हॉटेलपासून पंचवीस-तीस पावलांवर गावाचा गतिरोधक. मी गाण्याच्या नादात, ब्रेक लावला तो गतिरोधकावर चढता चढता. खाट आवाज झाला. गाडी डावीकडं बसली. कुणाला लागलं नाही. पाटा थोड्या वेळानं, मोठ्या रस्त्यावर, वेगात तुटला असता तर मी हे लिहीत बसलो नसतो, आणि तुम्हीही हसायच्या गोष्टी दुसऱ्या कुणाकडून ऐकल्या असत्या. उतरलो. वाकून पाहिलं. चंदेरी पाटा मधोमध दोन तुकडे. रेघ होती तिथंच.

वरून सगळे डोकावत होते. माझ्या भावानं विचारलं, "काय झालं रे?"

मी वर पाहिलं. फळीवरून वाकलेली सोळा तोंडं, आणि सगळ्यांत जवळचं वहिनीचं.

"काई नाई झालं," मी म्हणालो. "वयनी बसली."

हशा पिकला. असा पिकला की कुणी खाली उतरून पाटा पाहायलाही आलं नाही. वहिनीही हसली, पदर तोंडाला लावून. मी नेहमी सांगतो की सगळ्यांत आधी तीच हसली. हसली का? की बाकीचे हसले म्हणून हसली? मला आता सांगता येत नाही. शंभर वेळा सांगून सांगून माझीच गोष्ट माझ्या आठवणीच्या जागी जाऊन बसलीय, आणि खालचं काही दिसत नाही.

त्या रस्त्यानं त्या दिवशी निळे झेंडे लावलेल्या गाड्या एकामागून एक चाललेल्या असतात. आमची माणसं त्यांत दोन-दोन, तीन-तीन करून चढली. भाऊही गेला, लहानग्यांना घेऊन. एक ट्रक थांबला. वरून एक बाई म्हणाली, या बाई, लय जागा हाय. वहिनी पुढं झाली. आणि तिनं त्या ट्रकच्या चाकाकडं पाहिलं.

दहा चाकी ट्रक होता.

"तुमी जा," ती म्हणाली. "मी राह्यतो भाऊजीपाशी. कोनी तरी गाडीपाशी पाह्यजे."

मी गफूरभाईंना फोन लावला. ते मोटरसायकलवर पाटा बांधून कारंजाहून निघाले. पोचायला दुपार झाली. तोवर आम्ही दोघं कडुनिंबाखाली. तिनं भाकर आणि ठेचा काढला. मला तीन भाकरी वाढल्या, स्वतः अर्धी घेतली. मी म्हटलं, घे ना. ती म्हणाली, भूक नाई. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. सांगायला याहून चांगली जागा आणि वेळ माणसाला मिळत नाही. मी तिला काय सांगितलं माहीत आहे? एका तहसील कचेरीतल्या शिपायाची गंमत सांगितली. ती हसली. मला बरं वाटलं — म्हटलं, झालं, काही मनावर घेतलं नाही हिनं.

गफूरभाईंनी जॅक लावून पाटा काढला. तुटलेलं तोंड माझ्यापुढं धरलं. तीन हिस्से काळं-तांबूस, जुनं. एका कडेला नखाएवढं चकचकीत, ताजं.

"ये देखो," ते म्हणाले. "इत्ताच आज टूटा. बाकी पूरा पुराना है. ये तो कब का टूटा हुआ था, आज बस अलग हुआ."

मी म्हणालो, "हळू बोला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग कडुनिंबाखाली वहिनीकडं. मग अंगठ्यानं पाट्यावरचा चंदेरी रंग खरवडला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. निघताना एवढंच म्हणाले, गाडी खाली घर ले जाओ, अब भार मत डालो. म्हणजे नागपूर नाहीच. तुटलेले दोन तुकडे गाडीत मागं टाकायचे होते. एक मी उचलला, दुसरा वहिनीनं उचलून दिला.

परतीला ती पुढं माझ्याशेजारी बसली. वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून. आधी मला वाटलं, भिली असेल. मग कळलं — ती अंग उचलून धरत होती. गाडीवर आपला भार कमी पडावा म्हणून. घरापर्यंत तशीच. मधे एकदा तिनं हात बदलला, तोही एकेक करून.

ते पाहूनही मी बोललो नाही.

पुढं गोष्ट वाढत गेली. आधी मी एकटा सांगायचो, मग पुतण्यांनी भर घातली. कुणी म्हणे चहासोबत वहिनीनं सहा वडे खाल्ले होते. ते वडे त्या हॉटेलात मिळतही नव्हते, पण मीही पुढल्या वेळेपासून वडे सांगायला लागलो. गफूरभाई मात्र गोष्टीत कधीच आले नाहीत. रंगाचा डबाही नाही.

आणि गंमत पाहा. आमचं सगळं घर शेतीतलं. पोत्याला नुसता हात लावून वजन सांगणारी माणसं. त्याच पिकअपमध्ये यांनीच स्वतःच्या पाठीवरून तीस-तीस पोती सोयाबीन चढवलेलं. तीस पोत्यांनी न तुटलेला पाटा दीड पोत्याच्या बाईनं कसा तुटेल, हे बारा वर्षांत एकाच्याही मनात आलं नाही? माझं स्वतःचं वजन तेव्हा वहिनीपेक्षा जास्त होतं. तेही कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. हसणं चालू असलं की हिशोब बंद पडतो, की बंद पडावा म्हणूनच हसतात? मी हसवणारा माणूस. मला माहीत असायला पाहिजे. नाही माहीत.

वहिनी त्यानंतर नागपूरला गेली नाही.

पहिल्या वर्षी गुडघे म्हणाली. दुसऱ्या वर्षी कोंबड्या. मग कुणी विचारायचंच थांबलं. दर दसऱ्याला मेणबत्तीचा पुडा माझ्या हातात देते — माझ्याच — आणि म्हणते, माह्या नावानं लावजो. मी लावतो. मानोऱ्याला तिच्या बहिणीच्या मुलाचं लग्न होतं, सगळे जीपनं गेले. ती एसटीनं निघाली, बस बदलता बदलता पोचली तेव्हा मंगल परिणय होऊन पंगती बसल्या होत्या. ऑटोत बसायच्या आधी ती ऑटोवाल्याला विचारते, "चालन ना बाप्पा?" तो बिचारा गोंधळतो. कुणी आग्रह केलाच तर हसून म्हणते, माह्यानं पाटे तुटतात. म्हणजे माझी थट्टा तिनं स्वतःच उचलली. आणि रात्रीचं जेवण सोडलं. ते कधी सोडलं, कुणाच्या लक्षात नाही.

मी गाडी विकली, दुकान टाकलं. तुम्हाला सांगतो, दुकानात कुणी गाडीच्या कागदांची झेरॉक्स काढायला आला, की मी विचारतो, यु-बोल्ट कधी आवळले? खेप झाल्यावर पुन्हा आवळले का? पाटे धुता का? तुटलेला पाटा जोडून तर घेतला नाही ना, जोडलेलं लोखंड त्याच जागी पुन्हा जातं. गतिरोधकाच्या आधी ब्रेक सोडा. भार एका अंगाला टाकू नका. लोक म्हणतात, काका, दोन्ही बाजूंची झेरॉक्स द्या फक्त. तिथं माझं तोंड थांबत नाही. जिथं उघडायचं तिथं मात्र शिपायाच्या गमती.

या उन्हाळ्यात माझ्या मुलाचं लग्न झालं. सूनबाई पौर्णिमा, मानोऱ्याचीच. सोयरीक जमवताना मी मुलीचं शिक्षण विचारलं, स्वभाव विचारला. वडिलांचं कसलं दुकान आहे ते ऐकलं आणि विसरलो. दसऱ्याच्या दोन दिवस आधी आम्ही सगळे गावी, वहिनीच्या अंगणात. यंदा गल्लीनं मोठी बस ठरवली होती. पोरांनी टूम काढली — नव्या वयनीले पाट्याची गोष्ट सांगा. वहिनी बाजूला सुपात उडीद निवडत होती. मी सांगितली. वडे सांगितले, हात वर-खाली केले. सगळे हसले. पौर्णिमाही हसली, आणि सहज, काही मनात न ठेवता म्हणाली, "मामाजी, पाटा मधी तुटला होता का टोकाले?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग आठवलं. तिच्या वडिलांचं दुकान पाट्यांचंच. तिथं ती लहानाची मोठी झाली. पाटा कुठं तुटला यावरून का तुटला — मधी म्हणजे सैल बोल्ट — हे तिला चेहरा वाचावा तसं कळणार. बारा वर्षांत एवढं एकच विचारायचं होतं कुणीतरी.

"टोकाले," मी म्हणालो.

"मधी," वहिनी म्हणाली. सुपातून मान वर न करता. "मधी तुटला होता. मी उचलला ना."

कुणाचं लक्षही गेलं नाही. पोरं दुसऱ्या कशावर तरी हसायला लागली होती. पौर्णिमानं वहिनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही; मी खाली पाहत होतो. थोड्या वेळानं ती उठली आणि वहिनीजवळ जाऊन सुपातले खडे वेचायला बसली.  वहिनी म्हणाली, चहा मांडतो, आणि आत गेली.

वहिनीला काय माहीत आहे? नुसतं पाहिलं ते सांगितलं, की त्याचा अर्थही तिला ठाऊक आहे? त्या दुपारी कडुनिंबाखाली गफूरभाईंचा आवाज पोचला होता? पोचला असेल, तर परतीला ती दांडा धरून अंग का उचलून धरत होती? आणि पोचला नसेल, तर अंगणात तिनं मान वर का केली नाही? मी चार दिवस हेच उलटसुलट करतोय. ती सगळं जाणून गप्प असेल तर एक, काहीच जाणत नसेल तर दुसरं — यातलं माझ्यासाठी बरं कुठलं, तेही ठरवता येत नाही. आणि माझ्यासाठी बरं कुठलं, हे मी अजून शोधतोय, यावरूनच काय ते समजा.

बस निघाली तेव्हा ती दारात आली. पन्नास माणसांची बस, निम्मी रिकामी. पौर्णिमा खाली उतरून तिला म्हणाली, मोठ्या आई, चला ना, माझ्याशेजारी बसा. वहिनीनं बसच्या चाकाकडं पाहिलं आणि हसून नको म्हणाली. पौर्णिमानं माझ्याकडं पाहिलं. सगळे ऐकायला होते. दार उघडं होतं. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं नव्हतं.

मी मेणबत्तीचा पुडा घेतला आणि चढलो.

पाट्यावरची रेघ मी पाहिली होती, आणि ती झाकली. तुटल्यावर ते वहिनीच्या अंगावर टाकलं, आणि बारा वर्षं लोकांना हसवत राहिलो. हे आता तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.